लोमेतले जर्मन मास्तर

आधी एक कबुली देऊन टाकतो. आफ्रिका बघायची मला कधीही इच्छा नव्हती. जर्मनीत राहणारा सुखवस्तू मराठी माणूस जे बघतो ते सगळं मी बघून झालो होतो. पॅरिसचा मनोरा तीनदा, दर वेळी वेगवेगळ्या नातेवाइकांबरोबर. स्वित्झर्लंडचा बर्फ चारदा, दर वेळी त्याच ठेपल्यांबरोबर. यापलीकडे जगात काही बघण्यासारखं उरलंय अशी शंकाही आमच्या मराठी मंडळात कोणाला आलेली नव्हती.

मी लोमेला गेलो तो केवळ सभ्यतेमुळे.

जर्मनीतल्या आमच्या गावी, झिंडेलफिंगेनला, आमच्या खालच्या मजल्यावर आब्ला आणि तिचा जर्मन नवरा राहतात. ती टोगोची. टोगो हा पश्चिम आफ्रिकेतला एक चिंचोळा देश आणि लोमे ही त्याची राजधानी. तिच्याकडे मुलांची नावं जन्मवारावरून ठेवतात. मंगळवारी जन्मली म्हणून ती आब्ला. मराठीत त्या नावाचा काय अर्थ होतो ते मी तिला कधी सांगितलं नाही, कारण हिनं एकदा वॉशिंग मशीन जवळजवळ एकटीनं दुसऱ्या मजल्यावर चढवलं होतं आणि मी शेजारी उभा राहून 'जरा डावीकडे' म्हणत होतो.

२००८ च्या फेब्रुवारीत एका शनिवारी तिच्याकडे कॉफी-केकला बसलो होतो. आब्लाला सातवा महिना होता. तिचे वडील लोमेला एकटे. नातवंडाच्या निमित्तानं त्यांनी यावं म्हणून दोनदा व्हिसासाठी अर्ज केला आणि दोन्ही वेळा नामंजूर झाला. कारण एकच, एका लांबलचक शब्दात: र्‍युककेअरबेराइटशाफ्ट. म्हणजे परत जाण्याची तयारी. ती अर्जदाराकडे आढळली नाही.

"फोनवर ते नेहमी म्हणतात, सगळं ठीक आहे," आब्ला म्हणाली. "मला तर आता विमानात कोणी घेणार नाही, आणि नवऱ्याला रजा नाही. कोणीतरी जाऊन खरंच ठीक आहे का ते बघायला हवं."

"अगं, त्यात काय, मी जाईन की!" मी म्हणालो.

आपण एखाद्याला 'या की एकदा जेवायला' म्हणतो ना, त्या अर्थानं म्हणालो. ज्याला म्हटलं तो येत नाही, हे दोघांनाही माहीत असतं. पण जर्मनीत बारा वर्षं काढलेल्या बाईसमोर अशी वाक्यं टाकू नयेत. आब्ला उठली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आली.

"कधी?" तिनं विचारलं.

घरी वर आल्यावर वैशाली म्हणाली, "तुला साधं 'बघू' म्हणता येत नाही?" मंडळात बातमी पसरली तेव्हा प्रश्न एकच होता, "आफ्रिकेत? स्वतःहून?" एकानं जाताना दागिने घालू नको असा सल्ला दिला. मी बेचाळीस वर्षांचा पुरुष आहे. अंगावर एक लग्नातली अंगठी आहे आणि ती आता निघत नाही. आमची सई, वय वर्षं अकरा, मराठी कळतं पण उत्तर जर्मनमध्येच देते, ती तेवढी म्हणाली, "कूल." मार्चमध्ये पिवळ्या तापाची लस टोचून घेऊन मी निघालो.

लोमे, शनिवार

विमानतळाबाहेर नावांच्या पाट्या घेऊन माणसं उभी होती. मी त्यांच्यासमोरून दोनदा इकडून तिकडे गेलो. माझ्या नावाची पाटी नव्हती. तिसऱ्या फेरीला एक उंच, काटकुळे, पांढऱ्या शुभ्र सदऱ्यातले म्हातारे गृहस्थ माझ्यासमोर आडवे आले आणि स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाले, "हेर घाटपांडे, आपण माझ्यासमोरून दोनदा गेलात. आपल्याला वाचता येत नाही का?"

त्यांच्या हातातल्या पाटीवर सुईदोऱ्याच्या गुंत्यासारखं काहीतरी काढलेलं होतं. ती जुनी जर्मन लिपी होती. शंभर वर्षांपूर्वी टोगोवर जर्मनांचं राज्य असताना त्यांचे आजोबा मिशनच्या शाळेत ही लिपी शिकले आणि नातवाला शिकवून गेले. आता ती जर्मनीतही कोणाला येत नाही. सबंध विमानतळावर ती पाटी वाचू शकणारा माणूस एकच होता आणि तो ती धरून उभा होता.

हे आब्लाचे वडील, हेर, म्हणजे श्रीयुत, कोमलान. छत्तीस वर्षं एका सरकारी शाळेत जर्मन शिकवून निवृत्त झालेले मास्तर. जर्मनीला एकदाही गेले नव्हते. पण 'घाटपांडे' मधला 'घ' माझ्या जर्मनीतल्या नऊ वर्षांत एकाही जर्मनाला जमला नाही तो त्यांनी पहिल्या फटक्यात काढला. त्यांच्या एवे भाषेत 'ग्ब' आणि 'क्प' असली जोडाक्षरं आहेत. माझं आडनाव त्यांना किरकोळ वाटलं असावं.

टोगोत फ्रेंच चालतं, ते मला येत नाही. एवे तर नाहीच. त्यामुळे मी आणि मास्तर, दोन सावळी माणसं, त्या गावात आठवडाभर एकमेकांशी जर्मनमध्ये बोलत फिरलो. त्यातलं जे चांगलं जर्मन होतं ते माझं नव्हतं.

रविवार, सोमवार

मास्तरांचं घर घानाच्या सीमेला अगदी चिकटून. रस्ता ओलांडला की दुसरा देश. पुण्यात मी इतक्या अंतरावर दूध आणायला जायचो. दोन खोल्या, पुढे पत्र्याचा व्हरांडा, व्हरांड्यात फळा. घर झाडून पुसून लख्ख. स्वयंपाक मास्तर स्वतः करायचे.

न्याहारीची वेळ सातची ठरली होती. मी सात वीसला बाहेर आलो. आफ्रिकेत वेळेचं काही खरं नसतं असं मला झिंडेलफिंगेनमध्ये सांगितलं गेलं होतं आणि सांगणारे पुण्याचे होते. मास्तर पानावर ताट उपडं घालून बसले होते. "सात वाजता गरम होतं," एवढंच म्हणाले.

"तुम्ही तर जर्मनांहून जर्मन आहात!" मी विनोद केला. ते हसले नाहीत.

न्याहारीला चवळीची उसळ होती. वर तांबडं पामतेल आणि गारी, म्हणजे कसाव्याच्या कंदाचा भाजलेला रवा. डोळे मिटले असते तर आजोळी बसलोय असं वाटलं असतं. उघडले तर उसळीत एका माशाचा डोळा होता आणि तो माझ्याकडे बघत होता. लोमेत भाज्या मुबलक मिळतात, पण भाजीला सोबत म्हणून वाळवलेला मासा असतोच. "मी शाकाहारी असतो तर?" मी विचारलं. "तर मी तो उचलून बाजूला ठेवला असता," मास्तर म्हणाले. दुपारी मक्याच्या पिठाची उकड, आकुमे, आणि बुळबुळीत पाल्याचं कालवण. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी परक्यांच्या घरी उजव्या हातानं, बोटं चाटून जेवलो आणि कोणी माझ्याकडे काटा सरकवला नाही.

मग निघालो गाव बघायला. मास्तरांबरोबर गाव बघणं म्हणजे शिक्षा होती. समुद्रावरच्या रस्त्यावर एक सिग्नल आहे. माणसासाठी लाल दिवा होता. गाड्या येत नव्हत्या. माणसं, मोटारसायकली, डोक्यावर अननसाची परात घेतलेली बाई, सगळे बिनदिक्कत ओलांडत होते. मास्तर उभे. त्यांच्याशेजारी मी उभा. दिवा काही बदलेना. शेवटी परातवाल्या बाई पलीकडून ओरडून काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात?"

"दिवा गेल्या वर्षीपासून बिघडलाय म्हणतात," मास्तर म्हणाले, आणखी थोडं थांबले आणि मगच ओलांडले.

सोमवारी मोठ्या बाजारात गेलो. तिथल्या कापडाच्या व्यापारावर बायकांचं राज्य आहे. पूर्वी त्या इतक्या श्रीमंत होत्या की मी नोकरी करतो त्या झिंडेलफिंगेनच्या कारखान्यातल्या गाड्यांतून फिरायच्या, म्हणून लोकांनी त्यांना गाडीच्या नावापुढे 'नाना' लावून बिरुद दिलं. नाना म्हणजे तिकडे आई, आजी. मला आमचे कर्वे रोडचे नाना आठवले, ज्यांनी आयुष्यभर सायकल चालवली.

वैशालीसाठी कापड घ्यायचं होतं. दुकानातल्या नाना सत्तरीच्या, सिंहासनावर बसल्यासारख्या. त्यांनी भाव सांगितला. मी पुणेकराला शोभेल असा त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा भाव सांगितला. मास्तरांनी तो एवेत सांगितला. नाना दोन मिनिटं तावातावानं बोलल्या. मास्तरांनी शांतपणे जर्मन भाषांतर केलं, "बाई म्हणतात, आपण सुचवलेली किंमत ऐकून त्यांना आपल्या घरच्या परिस्थितीची काळजी वाटली."

मी पूर्ण भावाला कापड घेतलं.

दुकानाबाहेर नानांची गाडी उभी होती, वीस-बावीस वर्षांची, आमच्याच कारखान्यातली. मला राहवलं नाही. मी दार उघडून लावलं. खारा वारा, धूळ, खड्डे, इतकं सोसूनही दार 'ठप्' असं भारदस्त लागलं. मी पुन्हा लावलं. नाना बाहेर आल्या. हा गृहस्थ काय करतोय, त्यांनी विचारलं. मास्तरांनी सांगितलं की हे इंजिनियर आहेत. दार लावल्यावर येणारा आवाज चांगला यावा यासाठी कंपनी यांना पगार देते.

नानांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग शेजारच्या दुकानातल्या बायकांना बोलावून तिसऱ्यांदा. "नऊ वर्षं? नुसतं दार?"

"आणि डिकी," मी प्रामाणिकपणे सांगितलं. नानांना खाली बसावं लागलं.

मंगळवार, बुधवार

मंगळवारी घरी फोन केला. मास्तरांना माझा जन्मवार हवा होता आणि मला तो ठाऊक नव्हता, म्हणून पुण्याला आईला विचारलं. "गुरुवार," आई म्हणाली. "पण आजच कशाला हवाय? तब्येत बरी आहे ना? कुठून बोलतोयस?" जर्मनीतून, मी खोटंच सांगितलं. "बरं. परत कधी येणार आहात?" हे ती प्रत्येक फोनवर विचारते, नऊ वर्षं. सई दहावी झाली की, मी नेहमीप्रमाणे म्हणालो. पूर्वी मी 'सई शाळेत जायच्या आधी' म्हणायचो.

गुरुवारचा म्हणून मी याओ झालो. संध्याकाळपर्यंत सगळा मोहल्ला मला याओ म्हणून हाका मारत होता. हेर घाटपांडेपेक्षा ते फार सोपं होतं.

मास्तर मला समुद्रावर जुन्या धक्क्याकडे घेऊन गेले. पाण्यात लोखंडी खांब उरलेत, जर्मनांच्या काळापासूनचे. लाटा अशा आदळत होत्या की बोलणं ऐकू येत नव्हतं. पाच वाजता घरी परतायचं ठरलं होतं, मास्तर पावणेपाचलाच घड्याळ बघू लागले. मी पुन्हा तोच विनोद केला. जर्मनांहून जर्मन वगैरे.

"माझे आजोबा इथं मालाची मोजणी लिहायचे," मास्तर म्हणाले. "एकदा उशिरा आले. पंचवीस फटके मारायची पद्धत होती, आणि वर एक कैसरच्या नावानं. असे सव्वीस. त्यानंतर त्यांनी घड्याळ घेतलं. आमच्या घरात वेळ पाळायची रीत आली ती अशी."

आम्ही परत फिरलो.

"मग तुम्ही जर्मन का शिकवलंत?" चालता चालता मी विचारलं.

"भाषेनं कोणाला मारलं नव्हतं," ते म्हणाले. "शिवाय आजोबांना ती फार सुंदर यायची. मारणाऱ्यापेक्षा चांगली."

बुधवारी सकाळी मला व्हरांड्यातल्या फळ्याचा उलगडा झाला. अकरा जणी आल्या, बहुतेक पंचविशीच्या आत. सगळ्यांचे नवरे जर्मनीत. नवऱ्याकडे जायचं तर आधी जर्मनची परीक्षा पास व्हायला हवी, असा नवीन कायदा झाला होता. लग्न टिकणार की नाही हे क्रियापद वाक्यात कुठं बसतं त्यावर ठरणार. मास्तर त्यांच्याकडून घोकून घेत होते, "माझा नवरा श्टुटगार्टमध्ये राहतो. माझा नवरा सोमवारी कामावर जातो." एकीचा नवरा सोमवारी कामावर जात नव्हता, तिला खोटं बोलावं लागेल म्हणून ती अडून बसली. मास्तरांनी तिच्यापुरता सोमवारचा मंगळवार केला.

आब्लाला सांगायची गोष्ट मला तिथं दिसली. मास्तर ठीक होते. फक्त नातवंडाचा विषय निघाला की ते उठून फळा पुसायचे.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी एक फाईल उघडली. गुरुवारी त्यांच्या तिसऱ्या अर्जाची मुलाखत होती. हे त्यांनी आब्लाला सांगितलंच नव्हतं. दोनदा ती रडली होती, तिसऱ्यांदा नको म्हणून. फाईलमध्ये आधीची दोन्ही नकारपत्रं होती. दोन्हींवर लाल शाईनं दुरुस्त्या केलेल्या. चुकीच्या विभक्तीखाली रेघ, समासात 'वाक्य बोजड' असा शेरा, खाली गुण. पहिल्याला 'समाधानकारक', दुसऱ्याला 'काठावर पास'.

"हे तुम्ही उद्या नेणार नाही आहात," मी म्हणालो.

"का? चुका आहेत."

"मास्तर, मी जर्मन ऑफिसात नऊ वर्षं रांगा लावतोय. विचारतील तेवढंच बोलायचं. हसायचं नाही. त्यांचं जर्मन सुधारायचं नाही." ते नाराज झाले, पण कागद काढून ठेवले. मी अर्धा तास शिकवणी घेतली. व्हरांड्यात, फळ्यासमोर उभा राहून. तेव्हा मला त्यात काही विनोदी वाटलं नाही.

गुरुवार

व्हिसाच्या ऑफिसात सोबत एक माणूस न्यायला परवानगी होती. काचेपलीकडे तिशीच्या आतला एक जर्मन तरुण. त्यानं फ्रेंचमध्ये सुरुवात केली. मास्तरांनी जर्मनमध्ये उत्तर दिलं. तरुणानं मान वर केली, आणि नकळत खुर्चीत सरळ बसला. शाळेत बसतात तसा.

"आपण परत याल याला पुरावा काय?" त्यानं विचारलं. "पत्नी नाही. नोकरी नाही. मुलगी तिकडे."

मास्तरांनी माझ्या शिकवणीतलं एक अक्षरही वापरलं नाही. त्यांनी एक वहीचा कागद काचेखालून सरकवला.

"या माझ्या अकरा विद्यार्थिनी. परीक्षा जूनच्या अखेरीस. मी आलो नाही तर या नापास होतील. नापास झाल्या की रडत इथं तुमच्या खिडकीवर येतील. प्रत्येकी निदान दोनदा. मी परत यावं ही इच्छा माझ्याइतकीच तुमचीही असायला हवी."

तरुणानं यादी वाचली. मग माझ्याकडे बघितलं. "आणि हे कोण?"

"मुलीचे शेजारी," मास्तर म्हणाले.

"जर्मनीत किती वर्षं?" त्यानं मला विचारलं.

"नऊ."

"भारतात परत कधी जाणार?"

त्यानं ते सहज, गप्पा मारल्यासारखं विचारलं असेल. पण माझ्याकडे यादी नव्हती. तिकडे माझी वाट बघत नापास होणारं कोणी नव्हतं; वाट बघणारी एक आई होती आणि तिला मी मंगळवारीच सई दहावी झाली की असं सांगितलं होतं. "बघू," मी म्हणालो. वैशालीनं शिकवलेला शब्द शेवटी कामी आला.

"दहा दिवसांनी या," तरुण मास्तरांना म्हणाला. बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "चांगला मुलगा आहे. जर्मनमध्ये 'अमक्यामुळे' म्हणताना षष्ठी लावायला हवी ती लावत नाही, पण चांगला आहे." निकाल कळायच्या आधीच, शनिवारी, मी परतीच्या विमानात बसलो.

झिंडेलफिंगेन, मे

व्हिसा मिळाला. साठ दिवसांचा. मुलगा झाला तो बुधवारी, म्हणून कोकू. जर्मन बापाच्या आग्रहानं शिवाय एक जर्मन नावही. मास्तर मेच्या मध्यावर पोचले, आणि आता वाटाड्या मी होतो.

पहिल्याच सकाळी त्यांना बेकरीत नेलं. त्यांनी आयुष्यभर जपलेलं एक लांब, नितळ वाक्य बोलून चार पाव मागितले. काउंटरवरची बाई अस्सल श्वाबेनची, म्हणजे आमच्याच भागातली, इथली बोली बोलणारी. ती म्हणाली, "वेल्लेट से अ गुग्गले?"

मास्तर माझ्याकडे वळले. "ही कोणती भाषा?"

"जर्मन. पिशवी हवी का विचारतात."

"नाही," मास्तर म्हणाले. पिशवीला नाही, जर्मनला.

पुढचे तीन आठवडे त्यांनी झिंडेलफिंगेनमध्ये जर्मन बोलणारा माणूस शोधला. शेवटी एक सापडला, बससाठी थांबलेला. तो पोलंडचा निघाला. संध्याकाळी मात्र ते कोकूला मांडीवर घेऊन एवेत बोलत. तेव्हा त्यांची वाक्यं लांब नसत, व्याकरणही नसावं. मी जिन्यातून जाताना पायऱ्यांवर उगाच थांबायचो.

आब्लानं मनाशी काही ठरवलेलं होतं. एके दिवशी तिनं मला गाठलं. "वकिलाला विचारलंय. डॉक्टरांचं पत्र दिलं तर मुक्काम वाढवता येतो. तू त्यांना समजाव. तुझं ऐकतात." म्हणजे त्या काचेपलीकडच्या मुलाला जी शंका होती ती अगदीच निराधार नव्हती, फक्त चुकीच्या माणसावर होती.

मी समजावायचा प्रयत्न केला. साठ दिवसांचा व्हिसा आहे, निदान तेवढे तरी राहा म्हटलं. मास्तर म्हणाले, "याओ, परीक्षेला तीन आठवडे राहिलेत. त्यांना अजून क्रियापद जागेवर बसवता येत नाही."

निघायच्या दिवशी आब्ला माझ्याच गाडीतून आली, बाळाला घेऊन. पासपोर्ट तपासणीच्या रांगेपाशी तिनं बाळाला वडिलांच्या हातात दिलं, आणि परत घेईचना. नुसती उभी राहिली, हात खाली सोडून. मागे रांग तुंबली. मास्तरांनी घाई केली नाही. पहिल्यांदाच मी त्यांना घड्याळाकडे न बघता उभं राहिलेलं पाहिलं. मग त्यांनी बाळाच्या कानात काहीतरी सांगितलं, ते आब्लाच्या खांद्यावर ठेवलं, आणि तिच्या दोन्ही हातांचा विळखा स्वतःच त्याच्याभोवती घातला.

खिडकीतल्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. भला माणूस असावा. "तुमच्या व्हिसाचे अजून एकोणचाळीस दिवस शिल्लक आहेत," तो म्हणाला. "माहीत आहे ना?"

"हो," मास्तर म्हणाले. "ते तुमच्याकडेच ठेवा."